घराच्या पायाला निचरा आहे का? खणण्याआधी हे क्रमानं तपासा

जुलै उजाडला की फोन सुरू होतात. "भिंतीला ओल आलीय, पाया खणून बघू का?" बऱ्याच वेळा फोन येतो तेव्हा खणून झालेलं असतं. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला एका घरी गेलो, तर भिंतीला लागून तीन फुटांचा खड्डा, खड्ड्यात गुडघाभर पाणी, आणि काठावर छत्री धरून उभे असलेले घरमालक. "बघा, पायात पाणी आहे," म्हणाले. पाऊस पडतोय, माती काळी, खड्डा उघडा. पाणी असणारच. त्यावरून पायाखाली निचरा आहे की नाही हे कळायचा काही मार्गच नव्हता. खड्डा बुजवायला मात्र चार दिवस लागले.

पायाचा निचरा म्हणजे काय, ते आधी नक्की करू. पायाच्या कडेनं, साधारण फुटिंगच्या (पायाच्या सगळ्यात खालच्या रुंद भागाच्या) तळाच्या पातळीला, भोकं असलेला पाईप टाकतात. त्याभोवती खडी आणि खडीभोवती माती आत येऊ न देणारं जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळतात. पाईपला शंभराला एक असा उतार देऊन त्याचं तोंड कुठंतरी मोकळं सोडतात, नाहीतर पंप असलेल्या चेंबरमध्ये काढतात. वाळवा, पलूसकडच्या शेतकऱ्यांना हे नवीन नाही. क्षारपड रानात सच्छिद्र पाईप गाडून पाणी नाल्याला काढतात, तेच हे, घराभोवती केलेलं.

आपल्याकडे लोक दुसऱ्याच पाईपला निचरा म्हणतात. गच्चीचं पाणी पेव्हर ब्लॉकखालून गटारात नेणारा पाईप, सांडपाण्याची लाईन, बागेतला शोषखड्डा, यातलं काहीही पायाचा निचरा नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: कागद, मग डोळे, मग पाईपचं तोंड, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी कुदळ. दहातल्या सात-आठ घरांत कुदळीपर्यंत जावंच लागत नाही, हा माझा अनुभव.

तयारी: दोन फेऱ्या, एक वही

तपासणी दोनदा करायची. पहिली एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना. दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवस सलग पाऊस झाल्यावर. कोरड्या फेरीत उतार, पातळ्या, भेगा दिसतात. ओल्या फेरीत पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते दिसतं. एकाच फेरीवर निकाल दिला की तो निम्म्या वेळा चुकतो.

सामान फार नाही. चांगला टॉर्च, गवंड्याकडचा लेव्हल पाईप (पाणी भरून पातळी मोजायचा, पारदर्शक, किमान पन्नास फूट), मोजपट्टी, आठ मिमीची पाच-सहा फूट सळई, दोन बादल्या, खाण्याचा लाल रंग, खडू, जाड प्लास्टिकचा तुकडा, रुंद चिकटपट्टी.

आणि वही. हिच्याशिवाय बाकीच्या सामानाचा उपयोग नाही. वहीत रोज तीन गोष्टी लिहायच्या: पाऊस झाला का, भिंतीवरची ओल जमिनीपासून किती इंचांवर आहे, आणि जवळच्या कालव्याला पाणी सुटलंय का. तिसरी गोष्ट लोक सोडून देतात. म्हैसाळ, ताकारी, टेंभू, धोम या पाणीयोजनांच्या लाभक्षेत्रात घर असेल, आणि आता शहराच्या कडेची कितीतरी घरं उसाच्या रानाला लागूनच आहेत, तर ओल पावसानं येत नसून आवर्तनानं, म्हणजे कालव्याला पाळीनं सुटणाऱ्या पाण्यानं, येत असू शकते. मार्चच्या उन्हात फरशी घामेजली की घरमालक चक्रावतो. शेजारच्या उसाला पाळी चालू असते, हे त्याच्या गावीही नसतं.

थांबा: सामान आणायच्या यादीत वॉटरप्रूफिंगचं रसायन लिहिलं असेल तर खोडा. कारण सापडेपर्यंत आतून काहीही लावायचं नाही. आतून लेप दिला की ओलीच्या खुणा झाकल्या जातात, पाणी आणखी वर चढतं आणि पुढची तपासणी आंधळी होते.

टप्पा १: कागद आणि मिस्त्री

नगरपालिकेचा मंजूर नकाशा काढून लोक त्यात निचरा शोधतात. त्यात तो सहसा नसतोच. हवा तो स्ट्रक्चरल नकाशा, म्हणजे फुटिंगचा तपशील आणि भिंतीचा उभा छेद. छेदात फुटिंगच्या बाजूला छोटा गोल काढून त्याभोवती खडीचे ठिपके दाखवले असतील, किंवा "परफोरेटेड पाईप", "फिल्टर", "सबसॉइल ड्रेन" असं काही लिहिलं असेल, तर निचरा निदान कागदावर तरी होता. याच कागदावर फुटिंगची खोलीही मिळते. ती वहीत लिहून ठेवा, टप्पा ४ मध्ये लागणार आहे.

नकाशा नसेल तर बांधकामाच्या वेळचे फोटो शोधा. आजकाल पायाभरणीचे, पूजेचे फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतात. नारळ फोडतानाच्या फोटोत मागं उघडी चर दिसते, चरीत पाईप पडलाय का तेही दिसतं. कुठल्याही कागदापेक्षा हा पुरावा पक्का.

मग मिस्त्री. त्यांना "पायाला निचरा केला होता का?" असं विचारायचं नाही. उत्तर ठरलेलं असतं.

"हो साहेब, सगळं केलंय."

असं विचारायचं: "मिस्त्री, पायातला पाईप बाहेर कुठं काढलाय?"

"पायातला? पायातला नाही, गच्चीचा हाय तो. मागच्या गटारात सोडलाय."

झालं. एका प्रश्नात निम्मं काम. ज्यांनी खरंच पाईप टाकलाय ते लगेच जागा सांगतात, कारण तोंड काढायला त्यांना घाम गाळावा लागलेला असतो.

घर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं, दगडी जोत्याचं असेल तर हा टप्पा पटकन उरका. तिथं पाईप सापडण्याची आशा धरू नका. उंच जोतं हाच त्या घराचा बंदोबस्त होता, आणि आता रस्ता वर आल्यानं तो किती उरलाय एवढंच बघायचं.

टप्पा २: घराला बाहेरून एक फेरी

फेरी सावकाश मारा, घड्याळाच्या दिशेनं, एकदा भिंतीकडे बघत आणि एकदा जमिनीकडे.

पहिली गोष्ट उतार. लेव्हल पाईपचं एक टोक भिंतीशी आणि दुसरं दहा फुटांवर धरा. उघडी माती असेल तर दहा फुटांत सहा इंच तरी पडती हवी. कोबा किंवा फरशी असेल तर तीन इंच पुरतात. पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, म्हणून मोजण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे का ते बघा. हे न करता मोजणारे अनुभवी लोकही मी पाहिलेत.

बहुतेक घरांत उतार उलटा, भिंतीकडे निघतो. घर बांधलं तेव्हा बरोबर असतो. मग रस्त्यावर डांबराचे थर चढतात, रस्ता फूटभर वर येतो, त्याला जुळवायला अंगणात भर टाकतात, वर पेव्हर ब्लॉक येतात, आणि जोतं बिचारं आहे तिथंच राहतं. अंगणापासून घरातल्या फरशीची उंची मोजा. दीड फुटाच्या खाली आली असेल तर वहीत लाल रेघ मारा.

दुसरी गोष्ट गच्चीचं पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिमी पाऊस पडला तर साधारण २,३०० लिटर पाणी होतं. म्हणजे पाण्याच्या छोट्या टँकरचा निम्मा भाग, एका चांगल्या सरीत. हे पाणी उतरवणारा पाईप भिंतीच्या बुडाशीच संपत असेल, तर पायाचा निचरा शोधण्याआधी तिथं एक बेंड आणि दहा फूट पाईप जोडा, आणि पंधरा दिवस वहीत ओल मोजत राहा. कित्येक घरांत तपासणी इथंच संपते.

तिसरी गोष्ट भेगा. सांगली, मिरजेच्या काळ्या मातीत एप्रिलमध्ये भिंतीला लागून अशा भेगा पडतात की त्यात बोटं जातात. सळई घालून खोली बघा. मेमधला वळीव आला की पहिलं पाणी या भेगांतून थेट फुटिंगपर्यंत उतरतं. नंतर माती फुगते, भेग मिटते आणि पाणी आत कोंडून राहतं. भिंतीलगत फुलझाडांचा वाफा असेल तर हेच बारा महिने चालू असतं, कारण आपणच रोज संध्याकाळी पाणी घालतो.

तपासा: भिंतीभोवतीचा कोबा अडीच-तीन फूट रुंद आहे का? कोबा आणि भिंत यांच्या सांध्यात फट आहे का? फट असेल तर खडूनं खूण करा. पुढं उपयोगी पडते.

टप्पा ३: ओल वाचायला शिका

ओल कुठून आली हे तिच्या आकारावरून बरंचसं कळतं.

जमिनीतून चढणारी ओल खालून वर येते. साधारण तीन फुटांच्या आत थांबते आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पोपडे सुटतात. वरून खाली ओघळ आलेला असेल तर गच्ची, खिडकीचा छज्जा किंवा भिंतीतला पाईप बघा. पायाचा काही संबंध नाही. फक्त एकाच जागी गोल डाग असेल, तर भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे का ते बघा.

सांगलीवाल्यांसाठी एक वेगळी खूण. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतींवर अजून आडवी, सरळ, सगळ्या खोल्यांत एकाच उंचीची रेघ दिसते. ती पुराची रेघ, ओलीची नव्हे. पुराच्या पाण्यापुढं पायाचा निचरा काहीच करू शकत नाही. उलट निचऱ्याचं तोंड गटारात उघडं असेल तर पूर त्याच वाटेनं आधी आत येतो. अशा घरात पाणी उलटं येऊ न देणारा झडपेचा व्हॉल्व्ह आहे का, हे तोंड सापडल्यावर पहिल्यांदा बघा.

प्लास्टिकची चाचणी आता करा. दीड फुटी चौकोनी तुकडा ओलसर भिंतीवर लावून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतली दमट हवा. साताऱ्यात पावसाळ्यात ही दुसरी शक्यता कमी समजू नका; बंद खोलीत कपडे वाळत घातले की भिंती घामेजतातच.

पुढची पायरी कंटाळवाणी आहे, पण सोडायची नाही. जमिनीतला हौद पूर्ण भरा, आत-बाहेरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पाण्याच्या पातळीला खडूनं खूण करा आणि चोवीस तास थांबा. खूण उघडी पडली तर हौद गळतोय. नळाला मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहा, सकाळी पुन्हा बघा. वर सांगितलेल्या विश्रामबागच्या घरात शेवटी हेच निघालं: हौदाच्या कोपऱ्यातून एका रात्रीत चार बोटं पाणी उतरत होतं. आधीच्या वर्षी त्यांनी एका ठेकेदाराकडून आतून महागडा लेप करून घेतला होता. तो लेप पोपड्यांसकट निघून आला.

टप्पा ४: तोंड शोधा, आणि पातळी मोजा

पायाचा निचरा असेल तर त्याला तोंड असलंच पाहिजे. पाणी आत घेऊन बाहेर न सोडणारा पाईप म्हणजे पायाशेजारी गाडलेला हौद. म्हणून भिंतीपाशी खणायचं नाही, प्लॉटच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात जायचं.

बघायच्या जागा: रस्त्याकडचं गटार (आतल्या भिंतीवर टॉर्च मारा), मागचा ओढा किंवा नाला, कुंपणाच्या भिंतीचं बूड, उतारावरच्या प्लॉटचा खालचा बांध, आणि अंगणातली सगळी झाकणं. सापडलेल्या प्रत्येक पाईपला खडूनं नंबर द्या. कुठला पाईप कशाचा, हे एकेक करून वजा करायचं: गच्चीवर बादली ओता, न्हाणीत पाणी सोडा, स्वयंपाकघराचा नळ चालू करा. कशालाच दाद न देणारा पाईप उरला, तर तो आपला उमेदवार.

थांबा: चेंबरमध्ये उतरायचं नाही, डोकं आत घालून वाकायचंही नाही. आतल्या वायूनं माणूस मिनिटात बेशुद्ध पडतो. गटारातल्या पाईपात हात घालू नका. पाईप कोरडा असेल तर घोणस किंवा नाग आत असू शकतो. आधी सळई वाजवा.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खणल्याशिवाय निम्म्याहून जास्त घरांचा निकाल हिच्यावर लागतो.

टप्पा १ मध्ये फुटिंगची खोली लिहून ठेवली होती. समजा ती अंगणापासून पाच फूट आहे. निचऱ्याचा पाईप साडेचार फुटांवर धरा. घराच्या मागच्या कोपऱ्यापासून गटार साठ फूट लांब. शंभराला एक उतार म्हणजे साठ फुटांत सात इंच. म्हणजे पाईप गटाराजवळ पोहोचेपर्यंत अंगणापासून पाच फूट खाली गेलेला असणार. आता लेव्हल पाईपनं गटाराचा तळ मोजा. सपाट सांगलीत गटार रस्त्यापासून दोन फूट खोल, आणि रस्ता अंगणापेक्षा सहा इंच वर. म्हणजे गटाराचा तळ अंगणापासून फक्त दीड फूट खाली.

पाच फुटांवरचं पाणी दीड फुटांवर चढणार कसं? अशा घराला गटारात सुटणारा पायाचा निचरा असूच शकत नाही. गटारात दिसलेला तो पाईप दुसऱ्याच कशाचा तरी आहे, मग कुणी काहीही सांगो. अशा घरात निचरा असलाच तर तो पंपाच्या चेंबरमध्ये असतो: फुटिंगपेक्षा खोल, दोनेक फूट रुंद, आत पाण्यातला पंप आणि तरंगत्या गोळ्याचा स्विच. तो शोधायची युक्ती सोपी. मीटरबोर्डवर कशाचा ते कुणालाच माहीत नसलेला एखादा स्विच आहे का?

साताऱ्यात गणित उलटं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, गोडोलीच्या वरच्या अंगाला उतार इतका असतो की पाच फूट खालचं तोंड सहज मिळतं. तिथं असूच शकत नाही असं म्हणता येत नाही, शोधावंच लागतं.

फुटिंगच्या वर, फूट-दोन फूट खोल निचऱ्याचा पाईप सापडला तर तो अगदीच बिनकामाचा नाही. वरवरचं पाणी अडवतो. पण त्याला पायाचा निचरा म्हणून वहीत लिहू नका.

डोंगरउतारावरचं घर: मागची भिंत

सातारा, पाटण, जावळीकडं डोंगर कापून घर बसवलेलं असतं. वरच्या अंगाला मुरूम आणि खालचा खडक यांच्या सांध्यातून पाणी येतं, आणि पाऊस थांबल्यावरही येत राहतं. तिथं मागच्या संरक्षक भिंतीत पाणी सुटायची भोकं असतात. साधारण तीन ते पाच फुटांच्या अंतरानं पाईपचे तुकडे बसवलेले दिसतील.

प्रत्येक भोकात सळई घाला. सळई भिंतीची जाडी ओलांडून दगडांच्या भरीत खडखडली पाहिजे. चार इंचांवर ठक्कन थांबली, तर ते भोक नाही, शोभेचा तुकडा आहे. असे शोभेचे पाईप मी इतके पाहिलेत की आता भिंतीकडं बघण्याआधी सळईच हातात घेतो. काही भोकं मातीनं भरतात, काहींत कुंभारीण घर करते, काहींत गांधीलमाश्या असतात. जुलैमध्ये भिंत ओली आणि भोकं कोरडी दिसली, की समजायचं पाणी भिंतीमागं साठतंय. भिंतीला पोट आलं असेल किंवा आडवी भेग असेल, तर तपासणी थांबवा आणि त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. तोपर्यंत भिंतीलगतच्या खोलीत कुणी झोपायचं नाही.

टप्पा ५: पाण्याची चाचणी

उमेदवार पाईप सापडला, पातळीही जुळली. आता तो जिवंत आहे का ते बघायचं.

वरच्या टोकाला सफाईचं झाकण असेल तर काम सोपं. बादलीत लाल रंग कालवून झाकणातून ओता, मागोमाग दोन बादल्या साधं पाणी. एक माणूस तोंडाशी घड्याळ घेऊन. पाच-दहा मिनिटांत लाल पाणी आलं तर पाईप मोकळा. पाणी आलं पण रंगाशिवाय, तर आधी साठलेलं पाणी ढकललं गेलंय, म्हणजे पाईप मध्ये कुठंतरी खाली बसून त्याला पोट आलंय. आणखी दोन बादल्या ओता. काहीच आलं नाही तर प्लंबरकडून नळीचा कॅमेरा घालून घ्या.

थांबा: भिंतीलगत पाण्याचा पाईप तासभर सोडून "कुठं जातंय बघू" ही चाचणी काळ्या मातीत करू नका. माती एका बाजूला फुगते, कोबा उचलतो, भिंतीला तिरकी भेग जाते. चाचणी चार बादल्यांची, चार टँकरची नव्हे. आणि आड किंवा बोअर जवळ असेल तर खाण्याच्या रंगाशिवाय दुसरं काही वापरू नका.

झाकण नसेल तर पावसाची वाट बघा. जोराचा पाऊस थांबल्यावर लगेच तोंडाशी जा आणि वेळ लिहा. गच्चीचा पाईप पंधरा-वीस मिनिटांत आटतो. पायाचा निचरा पुढं कितीतरी तास, कधी दोन दिवसही, बारीक धारेनं किंवा थेंबाथेंबानं वाहत राहतो, कारण माती पाणी सावकाश सोडते. मे महिन्यातही तेवढीच धार असेल तर ती नळाची गळती, नाहीतर कालव्याचं पाणी. वास आला तर सांगायलाच नको.

धारेतलं पाणी काचेच्या ग्लासात घ्या. स्वच्छ असेल तर उत्तम. प्रत्येक पावसात गढूळ येत असेल तर कापड फाटलंय किंवा टाकलंच नव्हतं. पाईप पायाजवळची माती बाहेर वाहून नेतोय. बंद पडलेल्या निचऱ्यापेक्षा हे वाईट.

टप्पा ६: चाचणी खड्डा, लागलाच तर

इथवर येऊनही उत्तर मिळालं नसेल तरच. फक्त कोरड्या दिवसांत, आणि एकच खड्डा.

१. जागा दोन कॉलमच्या मधोमध. कोपऱ्यात नाही, कॉलमजवळ नाही. नळ, ड्रेनेज, बोअरची केबल, महावितरणची जमिनीतली वायर कुठून गेलीय हे आधी विचारून खडूनं आखा.

२. आकार दोन फूट बाय दोन फूट. भिंतीपासून एक फूट सोडून सुरुवात करा.

३. पहिला फूट कुदळीनं, पुढं पहारीनं हलक्या हातानं. निघालेली माती थराप्रमाणे वेगवेगळ्या ढिगात ठेवा: वरची भर, मुरूम, काळी माती.

४. दर फुटाला थांबून बाजू बघा. खडी किंवा पांढरट-काळं कापड दिसलं की लोखंड बाजूला ठेवा. पुढचं हातानं. पाईपवर पहार बसली की चांगला निचरा आपणच मोडतो.

५. जास्तीत जास्त चार फूट. फुटिंगच्या तळाखाली कधीही जायचं नाही. बाजूची माती सुटू लागली तर खड्ड्यातून बाहेर या आणि बुजवा. काळी माती आवाज न करता कोसळते.

खडी दिसली म्हणजे निचरा असं नाही. सोलिंगचा डबर, बांधकामातला राडा, उरलेली खडी, सगळं पायाशेजारी टाकायची आपल्याकडं पद्धतच आहे. एकसारख्या आकाराची स्वच्छ खडी, तिच्याभोवती कापड आणि आत पाईप, हे तिन्ही हवेत.

काहीच सापडलं नाही तरी खड्डा वाया घालवू नका. तळात फूटभर पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा. मुरमाड जमिनीत ते कधीच गेलेलं असतं. काळ्या मातीत जवळजवळ तसंच उभं असतं. तसं असेल तर शोषखड्ड्याचा विचार सोडा, कुणी कितीही स्वस्तात करून देत असलं तरी.

बुजवताना ढिगांचा क्रम उलटा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर धुमसानं ठोकून. वर कोबा पुन्हा करा, नाहीतर पुढच्या पावसात हाच खड्डा पायाकडं पाणी नेणारी विहीर होईल.

टप्पा ७: वहीत निकाल लिहा

निचरा आहे आणि वाहतोय: तोंडाला जाळी बसवा, वर्षातून एकदा मेमध्ये साफ करा. एवढंच.

निचरा आहे पण तुंबलाय: तोंडाकडून वरच्या दिशेनं पाणी मारून साफ करायचा प्रयत्न एकदा करा, कमी दाबानं. ऊस, नारळ किंवा पिंपळाची मुळं निघाली तर नुसत्या पाण्यानं भागणार नाही.

निचरा नाही आणि ओलही नाही: जत, आटपाडीकडच्या मुरमाड रानातल्या घरांचं बहुतेक हेच. शेजाऱ्यानं केला म्हणून पाया उकरू नका.

निचरा नाही आणि ओल आहे: आधी टप्पा २ आणि ३ मध्ये सापडलेलं सगळं दुरुस्त करा. उतार, कोबा, गच्चीचं पाणी, वाफे, हौद. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. तरीही वहीतली ओल उतरली नाही, तर पाणी खरंच जमिनीतून येतंय, आणि निचऱ्याचा आराखडा इंजिनीअरकडून करून घ्यायची वेळ आली. तोंड कुठं काढणार हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा विचारा. "खडी भरली की पाणी मुरतं" असं उत्तर आलं तर दुसरे इंजिनीअर बघा. काळ्या मातीत तोंड नसलेली खडीची चर म्हणजे पायाला बारमाही पाणी पाजण्याची सोय. पूर्ण भिंत एकदम उकरू देऊ नका. सहा-आठ फुटांचा तुकडा करायचा, बुजवायचा, मग पुढचा.

तोंड सापडलं असेल तर त्याच्यावरच्या भिंतीवर ऑइलपेंटनं पिवळा बाण काढा आणि मोजपट्टी धरून फोटो घ्या. आमच्याच घरी अंगणात पेव्हर ब्लॉक टाकताना कामगारांनी निचऱ्याचं तोंड सिमेंटनं लिंपलं होतं. त्यांना ते फुटकं भोक वाटलं. दोन पावसाळे गेल्यावर मला कळलं, तेही जिन्याखाली लोणा फुटला म्हणून. आता तो फोटो खरेदीखताच्या फाईलमध्ये आहे आणि बाण दर दिवाळीला घर रंगवताना पुन्हा काढतो.